जमिनीखालच्या कार्बन डायऑक्साइडवर ध्वनिलहरींची नजर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्बन डायऑक्साइड खोल खडकात सोडला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: तो गेला कुठे? विहिरीतल्या दाबमापकाला विहिरीपुरतेच कळते. दोन विहिरींमधल्या खडकात काय चालले आहे ते पाहण्याचा सर्वांत विश्वासाचा मार्ग म्हणजे ध्वनिलहरी. त्यांच्याकडून काय कळते आणि काय कळत नाही, याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

खडकातला वायू आवाजाने दिसतो तो कसा?

वाळूखडक स्पंजासारखा सच्छिद्र असतो आणि खोलवर त्याची छिद्रे खाऱ्या पाण्याने भरलेली असतात. पाणी सहजी दबत नाही. कार्बन डायऑक्साइड सहज दबतो. छिद्रांतले पाणी हटून तिथे कार्बन डायऑक्साइड आला की खडकाचा एकूण ताठपणा कमी होतो आणि दाबलहरीचा (पी लहरीचा) वेग घटतो. त्याचे दोन परिणाम नोंदीत उमटतात. एक, वायू असलेल्या थरावरून येणारे परावर्तन ठळक होते. दोन, त्या थरातून खाली जाऊन परत येणारी लहर उशिरा पोहोचते, त्यामुळे त्याखालचे थर चित्रात खाली झुकल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात ते हललेले नसतात.

आडव्या कंपनाची एस लहर मात्र जवळजवळ बदलत नाही, कारण घसरणीला विरोध करण्यात द्रवाचा वाटा नसतो. घनता किंचित घटल्यामुळे एस लहर उलट थोडी वेगवान होते. हा फरक पुढे उपयोगी पडतो.

हा आवाज ऐकू येतो का?

पृष्ठभागावरून केलेल्या सर्वेक्षणात साधारण ५ ते १०० हर्ट्झच्या लहरी वापरतात. त्यातला वरचा भाग खोल घरघरीसारखा कानाला जाणवतो, खालचा जाणवत नाही. याहून उंच वारंवारतेच्या लहरी चित्र बारीक देतील, पण खडक त्या वाटेतच शोषून घेतो.

साठवण ८०० मीटरपेक्षा खोलच का करतात?

कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू ३१.१ अंश सेल्सिअस आणि ७.३८ मेगापास्कल आहे. साधारण ८०० मीटरखाली तापमान आणि दाब दोन्ही त्यापुढे जातात. मग तो वायूसारखा सळसळता राहतो, पण घनता द्रवासारखी, घनमीटरला ५०० ते ७०० किलोच्या आसपास. थोड्या जागेत जास्त माल मावतो. या लेखात सोयीसाठी त्याला ‘वायू’च म्हटले आहे, खोलवर तो नेहमीच्या अर्थाने वायू नसतो.

वेग नेमका किती घटतो?

मऊ, सच्छिद्र वाळूखडकाचे उदाहरण घेऊ. सच्छिद्रता ३७ टक्के, क्वार्ट्झचा आकारमान स्थितिस्थापकता गुणांक (सर्व बाजूंनी दाबले असता होणारा विरोध) ३७ गिगापास्कल, कोरड्या सांगाड्याचा २.५६, दृढता गुणांक (घसरणीला होणारा विरोध) ०.८५, खाऱ्या पाण्याचा २.३ आणि कार्बन डायऑक्साइडचा ०.०८ गिगापास्कल. पाण्याची घनता घनमीटरला १०३० किलो, कार्बन डायऑक्साइडची ६७५. हे आकडे गॅसमनच्या समीकरणात (छिद्रांतला द्रव बदलला की खडकाचा ताठपणा किती बदलतो ते सांगणारे सूत्र) घातले की पुढील वेग मिळतात:

छिद्रांत फक्त पाणी: सेकंदाला २०५० मीटर
१० टक्के वायू: १५८०
२० टक्के वायू: १४९०
५० टक्के वायू: १४३०
पूर्ण वायू: १४२०

हे आकडे नीट पाहा, कारण या पद्धतीचे बळ आणि दुखणे दोन्ही इथेच आहेत. पहिल्या १० टक्क्यांतच वेग ४७० मीटरने पडतो. पुढचे ९० टक्के भरले तरी आणखी फक्त १६० मीटर. म्हणून ‘वायू आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर ध्वनिलहरी छातीठोकपणे देतात. ‘किती आहे?’ म्हटले की त्या चाचपडू लागतात.

त्यात आणखी एक पेच आहे. वरचे गणित वायू आणि पाणी प्रत्येक छिद्रात एकसारखे मिसळले आहेत असे धरते. प्रत्यक्षात वायूचे ठिगळ इथे आणि पाण्याचे ठिगळ तिथे असे असू शकते. ठिगळे मोठी असतील तर त्याच २० टक्के वायूला वेग १४९० नव्हे, १८५० च्या आसपास येतो. एकाच नोंदीचे दोन अर्थ निघतात, आणि कोणता खरा ते ठरवायला विहिरीतली मापे लागतात.

मग किती टन साठले ते सांगताच येत नाही का?

सांगता येते, पण चुकीची कक्षा मोठी ठेवून. १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद आणि १० मीटर जाड थर घ्या. सच्छिद्रता ३७ टक्के आणि वायूचा वाटा ८० टक्के असेल तर त्यात सुमारे २०,००० टन मावतात. वाटा २० टक्केच असेल तर ५,००० टन. दोन्हींमधला वेगाचा फरक शंभर मीटरहूनही कमी. त्यामुळे केवळ चित्रावरून टनांचा अचूक आकडा कोणी देत असेल, तर त्याने कोणता मिश्रण-नियम धरला ते आधी विचारावे.

व्यवहारात उलट्या दिशेने जातात. पंपावर मोजलेले टन पक्के असतात. ते जलाशयाच्या गणिती प्रतिमानात घालायचे, प्रतिमानावरून कृत्रिम ध्वनिनोंद तयार करायची आणि ती खऱ्या नोंदीशी ताडायची. जुळेना तर प्रतिमानातली पारगम्यता, थरांची जाडी किंवा वायूचे तापमान सुधारायचे. जोडीला गुरुत्वमापन असेल तर उत्तम, कारण गुरुत्व थेट वस्तुमानाला प्रतिसाद देते.

हे खरेच कुठे करून पाहिले आहे?

सर्वांत जुने आणि सर्वांत जास्त अभ्यासलेले उदाहरण नॉर्वेच्या उत्तर समुद्रातले स्लाइपनर. १९९६ पासून तिथे वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड उत्सिरा वाळूखडकात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर खोल सोडला गेला. बेसलाइन सर्वेक्षण, म्हणजे वायू सोडण्याआधीची नोंद, १९९४ चे. १९९९ च्या पहिल्या पुनर्सर्वेक्षणापर्यंत सुमारे २३.५ लाख टन खाली गेले होते आणि चित्रात एकावर एक नऊ चमकदार थर दिसले. वाळूखडकातले शेलचे (घट्ट चिकणमातीच्या खडकाचे) पापुद्रे जेमतेम मीटरभर जाडीचे. आधीच्या सर्वेक्षणात ते दिसलेच नव्हते. वायू त्यांच्याखाली अडकून पसरला आणि त्यानेच ते उजळून दाखवले. तो सर्वांत वरच्या थरापर्यंत तीन वर्षांत पोहोचला, म्हणजे हे पापुद्रे अखंड नाहीत, हेही त्याच चित्राने सांगितले. त्यांच्यावरचा जाड आवरणखडक मात्र वेगळा. त्याने वायू अडवून धरला.

लहान प्रमाणावर ऑस्ट्रेलियातल्या ऑटवे प्रकल्पाचे काम पाहण्यासारखे आहे. तिथे सुमारे १,५०० मीटर खोल फक्त १५,००० टन सोडले आणि जिओफोन (जमिनीचे कंपन टिपणारी उपकरणे) जमिनीत ४ मीटर पुरून ठेवले. पहिले ५,००० टन गेले तेव्हाच वायूची खूण दिसली.

बेसलाइन सर्वेक्षण कधी करायचे?

वायूचा पहिला किलो खाली जाण्याआधी. ही संधी पुन्हा येत नाही. सगळी पद्धत ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्या फरकावर उभी आहे. ‘आधी’ची नोंद कच्ची असेल तर नंतरची कितीही चांगली असून उपयोग नाही. शक्य असेल तर बेसलाइन दोनदा करावी, वेगवेगळ्या ऋतूंत. खाली काहीच बदललेले नसताना दोन नोंदींत जो फरक दिसतो तो तुमच्या जागेचा गोंगाट. वायूचा परिणाम त्याच्या वर डोके काढणार का, ते मग खर्च करण्याआधीच कळते.

जमिनीवरच्या सर्वेक्षणाचे टप्पे कोणते?

आधी कागदावरचे काम. विहिरीतल्या ध्वनिवेग-नोंदी आणि घनता-नोंदी घेऊन गॅसमनचे गणित करा आणि अपेक्षित बदल काढा. तो जागेच्या गोंगाटापेक्षा कमी असेल तर इथेच थांबून दुसरी पद्धत निवडा.

मग आखणी. लहरी तिरक्या जातात, म्हणून वायू जिथवर पसरेल असे वाटते त्याच्या सर्व बाजूंनी बरेच बाहेरपर्यंत स्रोत (लहरी निर्माण करणारी साधने) आणि जिओफोन लागतात. कंपक ट्रक असेल तर साधारण १२ ते १६ सेकंदांची, ८ पासून ८०–१०० हर्ट्झपर्यंत चढत जाणारी कंपने देतात आणि नोंदीचा मूळ कंपनाशी सहसंबंध काढून तिला आखूड धक्क्याचे रूप देतात. प्रत्येक स्रोतबिंदूचे आणि जिओफोनचे स्थान उपग्रहीय साधनाने सेंटिमीटरच्या टप्प्यात नोंदवा. पुढच्या वेळी तिथेच यायचे आहे. इंजेक्शनचे पंप शक्यतो त्या काळात बंद ठेवावेत किंवा निदान त्यांच्या वेळा लिहून ठेवाव्यात.

पुनर्सर्वेक्षणात मोह होतो तो नवी, ‘अधिक चांगली’ उपकरणे वापरण्याचा. तो आवरा. चांगली पण वेगळी नोंद ही तुलनेच्या कामाला वाईट नोंद असते.

नुसत्या ऋतुबदलाने इतका फरक पडतो?

पडतो, आणि नवख्या चमूची पहिली ठेच बहुधा इथेच लागते. कोरड्या भुसभुशीत मातीत लहरीचा वेग सेकंदाला ५०० मीटर, तीच पाण्याने भरली की १,६०० च्या आसपास. भूजल एक मीटर वर आले तर जाताना आणि येताना मिळून सुमारे २.७ मिलिसेकंद वाचतात. वरच्या उदाहरणातला १० मीटर जाडीचा वायूचा थर सुमारे ४.२ मिलिसेकंदांचा उशीर करतो. म्हणजे पावसाळ्याने वर आणलेले मीटर-दोन मीटर पाणी हजार मीटर खोलचा वायू झाकून टाकू शकते. उपाय दोन: दरवेळी त्याच ऋतूत सर्वेक्षण, किंवा जिओफोन भूजलपातळीखाली कायमचे पुरणे. दुसरा महाग, पण अनेकदा करायचे असेल तर वसूल होतो.

समुद्रात ही भूमिका भरती-ओहोटीची. पाणी एक मीटर वाढले की सुमारे १.३ मिलिसेकंद जास्त लागतात. हे गणिताने काढून टाकता येते, पण वेळेची नोंद हवी. त्याहून त्रासदायक म्हणजे प्रवाह, जो जहाजामागे ओढलेल्या, लहरी टिपणाऱ्या लांब तारा (स्ट्रीमर) बाजूला ढकलतो. म्हणून जिथे पैसा आहे तिथे समुद्रतळावर बसवलेले ग्राहक, म्हणजे लहरी टिपणारी उपकरणे, वापरतात.

दोन नोंदी किती जुळल्या हे मोजतात कसे?

दोन नोंदींच्या फरकाचा वर्गमध्यमूळ (वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) घ्यायचा, दोन्हींच्या वर्गमध्यमूळांच्या बेरजेने भागायचे आणि २०० ने गुणायचे. उत्तर टक्क्यांत. शून्य म्हणजे हुबेहूब, १४१ म्हणजे दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही, २०० म्हणजे एक दुसरीची उलटी. समुद्रात ओढलेल्या तारांनी २० ते ३० टक्के आले तर काम चांगले झाले म्हणायचे. कायम पुरलेल्या ग्राहकांनी १० च्या खाली जाता येते. हा आकडा वायूच्या थराच्या वरच्या खडकात मोजायचा, जिथे काही बदललेले नाही. वायूच्या थरात मोजून ‘जुळत नाही’ म्हणणे म्हणजे ज्यासाठी सर्वेक्षण केले त्यालाच चूक ठरवणे.

संगणकावर प्रक्रिया करताना कुठे चुकते?

जुन्या आणि नव्या नोंदींवर एकाच वेळी, एकाच क्रमाने प्रक्रिया करावी. जुने प्रक्रिया केलेले चित्र कपाटातून काढून नव्याशी वजा केले की जे उरते ते दोन चमूंच्या सवयींमधले अंतर असते.

स्वयंचलित आवाज-समतोल बंद ठेवा. तो क्षीण भाग उचलतो आणि ठळक भाग दाबतो, म्हणजे नेमका आपला संकेत पुसतो. नोंदी एकमेकींशी जुळवताना वेळ, कला (लहरीच्या चढउताराचा टप्पा, फेज), आयाम (लहरीची उंची) आणि वारंवारतेचा पट्टा जुळवतात. त्यासाठी निवडलेला नोंदीचा तुकडा, म्हणजे खिडकी, वायूच्या थराच्या पूर्ण वर असावी. ती थरात किंवा त्याखाली सरकली तर जुळवणी करणारे गणित वायूचा उशीरच ‘दुरुस्त’ करून टाकते, आणि चित्र स्वच्छ पण खोटे मिळते. स्रोत आणि ग्राहक यांच्या स्थानांतला फरक ज्या जोड्यांत सर्वांत कमी आहे त्याच ठेवून बाकीच्या टाकून द्या. नोंदी टाकताना जीव तुटतो खरा, पण वाईट जोडी ठेवण्यापेक्षा ते बरे.

किती पातळ थर दिसतो?

थराचा माथा आणि तळ वेगळे दिसायला त्याची जाडी तरंगलांबीच्या सुमारे चौथ्या भागाइतकी लागते. १४३० मीटर वेग आणि ४० हर्ट्झ धरले तर तरंगलांबी ३६ मीटर, म्हणून जाडी सुमारे ९ मीटर. त्याहून पातळ थर दिसतोच, पण माथा आणि तळ यांची परावर्तने एकमेकांत मिसळून एकच होतात. मग जाडी थेट मोजता येत नाही, आयामावरून अंदाजावी लागते.

विहिरीतली ऑप्टिकल फायबर काय करते?

केसिंगच्या (विहिरीच्या पोलादी नळाच्या) बाहेरून, सिमेंटमध्ये बसवलेली फायबर म्हणजे विहिरीच्या पूर्ण लांबीचा कान. वरून लेझरचे स्पंद सोडतात. काचेतल्या सूक्ष्म दोषांवरून विखुरलेला प्रकाश परत येतो. लहर आली की तार किंचित ताणली जाते आणि त्या प्रकाशाची कला बदलते. साधारण १० मीटर लांबीच्या तुकड्यातला ताण मोजतात. जिओफोन वर-खाली करावे लागत नाहीत आणि इंजेक्शन थांबवायची गरज कमी होते. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या क्वेस्ट प्रकल्पात देखरेखीसाठी ही पद्धत वापरली आहे.

मर्यादा दोन. तार लांबीच्या दिशेनेच संवेदनशील असते. काटकोनात आलेली दाबलहर तिला जवळजवळ जाणवत नाही. आणि चित्र मिळते ते विहिरीभोवतीच्या काही शेकडो मीटरचे. तार सिमेंटला नीट चिकटली नसेल तर त्या पट्ट्यात नुसती थरथर नोंदली जाते. सिमेंट ओतल्यानंतर हे दुरुस्त होत नाही, म्हणून तार उतरवताना घाई नको.

दाब वाढला की वायू आला, हे वेगळे कसे काढायचे?

छिद्रांतला दाब वाढला की खडकाचे कण एकमेकांवर कमी जोराने टेकतात आणि वेग घटतो. वायू नसतानाही. फरक असा की दाबामुळे पी आणि एस दोन्ही लहरी मंदावतात, वायूमुळे फक्त पी. तिरक्या परावर्तनात एस लहरीच्या वेगाचाही ठसा असतो, म्हणून सरळ आणि तिरक्या कोनांतून आलेल्या परावर्तनांची वेगवेगळी तुलना करतात.

नॉर्वेच्याच स्नोव्हिट प्रकल्पात हे कामी आले. २००८ पासून सुमारे २,६०० मीटर खोल तुबोएन थरात इंजेक्शन सुरू झाले आणि दाब अपेक्षेपेक्षा वेगाने चढला. २००९ च्या पुनर्सर्वेक्षणात विहिरीजवळ वायूचा आणि त्यापलीकडे दाबाचा ठसा दिसला. वाळूच्या पट्ट्यांना बाहेर मोकळी वाट नव्हती. २०११ मध्ये इंजेक्शन वरच्या स्तो थरात हलवले.

नुसते ऐकत बसण्याचा उपयोग होतो का?

हो. इंजेक्शनने जुन्या भेगा किंचित सरकतात आणि माणसाला न जाणवणारे सूक्ष्म कंप होतात. विहिरीतले जिओफोन उणे २ प्रतीपर्यंतचेही (प्रत म्हणजे भूकंपाचे मॅग्निट्यूड) टिपू शकतात. अमेरिकेत इलिनॉयमधल्या डिकेटरला २०११ ते २०१४ या काळात सुमारे दहा लाख टन सोडताना असे हजारो कंप नोंदले गेले. बरेचसे साठवणीच्या थराखालच्या प्राचीन स्फटिकी खडकात. कंप म्हणजे वायू तिथे पोहोचला असे समजू नये. दाब वायूच्या बराच पुढे धावतो.

कंपाची खोली चुकणे ही नेहमीची अडचण. एकाच उभ्या विहिरीतून ऐकले तर दिशा आणि वेगाचे प्रतिमान दोन्ही नेमके लागतात. बसवल्यावर ज्ञात जागी छोटा धक्का देऊन जिओफोनची दिशा तपासून घ्यावी.

ध्वनिलहरींना काय दिसत नाही?

विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. तो पाण्यात गेला की पाण्याची घनता आणि वेग नाममात्र बदलतात, म्हणून चित्रातून तो नाहीसा होतो. साठवणीच्या दृष्टीने ही चांगली बातमी, कारण असे पाणी जड होऊन खाली बसते. हिशेबाच्या दृष्टीने मात्र वायू ‘हरवतो’. आइसलंडमधल्या कार्बफिक्समध्ये तर तो आधीच पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडतात. तिथे रासायनिक मागोवाच घ्यावा लागतो.

ताठ, कमी सच्छिद्र चुनखडकातही बदल फार लहान असतो, कारण भार सांगाडाच पेलतो आणि आत कोणता द्रव आहे याने फारसे बिघडत नाही.

प्रयोगशाळेतले वेग मैदानाशी का जुळत नाहीत?

प्रयोगशाळेत खडकाच्या गाभ्यावर शेकडो किलोहर्ट्झ ते एक मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतात, मैदानात दहा ते शंभर हर्ट्झच्या. जलद कंपनात छिद्रांतल्या द्रवाला दाब सारखा करून घ्यायला वेळच मिळत नाही, त्यामुळे खडक ताठ भासतो आणि वेग जास्त येतो. हे आकडे जसेच्या तसे मैदानी प्रतिमानात घातले तर वायूचा परिणाम कमी लेखला जातो.

समुद्रतळातून गळती झाली तर कळेल का?

बुडबुडे गातात. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा पृष्ठभागाजवळ सुमारे ३.३ किलोहर्ट्झला वाजतो. खोलीबरोबर हा सूर चढतो, बुडबुडा मोठा असेल तर उतरतो. हायड्रोफोनने (पाण्याखालच्या मायक्रोफोनने) तो ऐकता येतो, सोनारने बुडबुड्यांचा झोत दिसतो. २०१९ मध्ये उत्तर समुद्रात सुमारे १२० मीटर पाण्याखाली मुद्दाम वायू सोडून ही उपकरणे तपासली गेली. अडचण ऐकण्याची नसून जागेची आहे: हायड्रोफोन जवळ हवा. म्हणून आधी खोलचे चित्र पाहून संशयाच्या जागा ठरवायच्या, जुन्या सोडून दिलेल्या विहिरी त्यात सर्वांत आधी.

समुद्रात लहरींसाठी हवेचे धक्के देणाऱ्या एअरगनचा समुद्री जिवांना त्रास होत नाही का?

होतो, विशेषतः देवमासे आणि डॉल्फिन यांना. म्हणून निरीक्षक आधी परिसर पाहतात, मग आवाज हळूहळू वाढवत नेतात, जेणेकरून प्राण्यांना दूर जायला वेळ मिळावा.

इंजेक्शन थांबल्यावर किती वर्षे लक्ष ठेवायचे?

युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशात, जबाबदारी सरकारकडे जाण्याआधी सर्वसाधारणपणे किमान २० वर्षे जावी लागतात. अमेरिकेत सहाव्या वर्गाच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड साठवणीच्या, विहिरींसाठी मूळ मुदत ५० वर्षांची आहे आणि पुरावा दिला तर ती बदलता येते. सर्वेक्षणे सुरुवातीला जवळजवळ, पुढे प्रतिमान आणि नोंद जुळू लागली की अंतर वाढवत नेतात.

इतक्या काळासाठी जपायच्या त्या कच्च्या नोंदी, प्रक्रिया केलेली चित्रे नव्हेत. स्रोतांची आणि ग्राहकांची स्थाने, कंपनाचा मूळ नमुना, भरतीच्या वेळा, पंपांच्या वेळा आणि कोणता जिओफोन बंद होता त्याची यादी, हे सगळे त्याच संचात. वीस वर्षांनी पुनर्सर्वेक्षण करणारा चमू बेसलाइनवर नव्याने प्रक्रिया करणारच, आणि तेव्हा त्याला विचारायला जुन्या चमूतले कोणी हाताशी नसेल.